बलुत्याची चप्पल

आमच्या घरी चपलेला भाव नव्हता. भाव असायचा तो घराला. सुगी झाली की वडील खळ्याखळ्यावर जात आणि पाटलाकडून इतक्या पेंढ्या, धनगराकडून इतकी सुपं, असं ठरलेलं घेऊन येत. त्या बदल्यात वर्षभर त्या घरातल्या माणसांच्या वहाणा, विहिरीवरची मोट, आसुडाची वादी, बैलाच्या गळ्यातला पट्टा या सगळ्याची जबाबदारी आमच्यावर. चप्पल तुटली की माणूस ती हातात धरून यायचा, उंबऱ्यापाशी टाकायचा आणि तंबाखू मळत बसायचा. पैशाचं नाव निघत नसे. निघालंच तर विडीपुरतं.

गाव कागल तालुक्यातलं, चिकोत्रा नदीच्या अंगाचं. सेनापती कापशी तिथून जवळ. कापशी म्हणजे घोरपड्यांची जहागीर, आणि चपलेच्या धंद्यात त्या गावाचं नावच चपलेला लागलेलं. आज जिला सरसकट कोल्हापुरी म्हणतात तिची पूर्वी अशी गावागावांची नावं होती. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. चप्पल बघून माणूस कुठला ते जाणती माणसं सांगायची. आमच्याकडची चप्पल रुंद, वजनदार, तळाला दोन-तीन थरांची. उन्हात तापलेल्या मुरमावर, उसाच्या सरीत, बैलामागं चालायला केलेली. घालून मिरवायचं असेल तर दसऱ्याला नवी काढायची, एरवी ती कामाचीच.

एकदा मुरगूडच्या बाजारात मी शहरी धाटणीची पातळ चप्पल पाहिली. नाजूक पट्टा, वर जरीची वेणी, तळ बोटाच्या पेराएवढाही नाही. घरी येऊन वडिलांना म्हटलं, तुम्ही असली का करत नाही? रापीची धार अंगठ्यानं बघत ते म्हणाले, “कराय येतंय की. पण परत शिवाय मलाच लागतंय न्हवं.”

पुढं डीएड झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, इतिहासाची थोडीफार पुस्तकं वाचली. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. त्यात गावच्या देण्याघेण्याचा हिशेब बारकाईनं मांडलेला आहे, आणि बलुतेदारांबद्दलचा लेखकाचा कडवटपणाही. मला मात्र वडिलांचं ते वाक्य जास्त उपयोगी पडलं. चप्पल तुटल्याचा भुर्दंड कुणावर, यावर चपलेची जाडी ठरते. बलुत्यात तो भुर्दंड करणाऱ्यावर होता. तुटली तर त्याचा दिवस मोडणार, त्याची वादी जाणार, आणि धान्य तेवढंच. म्हणून तो पहिल्यांदाच अशी करी की दोन पावसाळे तरी उंबऱ्यावर परत येऊ नये. आणि आलीच, तर तिचा अंगठा, कान, टाच सुटा करून बदलता यावा. आजच्या जाहिरातीत जिला टिकाऊपणा म्हणतात तो आमच्याकडे आळसातून आला होता असं म्हटलं तरी चालेल. शहाण्या माणसाचा आळस.

ती कशी होत असे ते सांगते, कारण दुकानात मांडलेली चप्पल बघून ते कळत नाही.

कातडं कमावायचं काम आमचं नव्हे, ढोरांचं. मेलेलं जनावर ओढून सोलायचं काम महारांकडे. एका चपलेत तीन जातींचे हात, आणि तिघांनाही गावानं वेशीजवळ ठेवलेलं. ढोरवाड्यात चुन्याच्या कुंडात कातडं भिजवून केस काढायचे. मग ते पिशवीसारखं शिवून लाकडाच्या तिकाट्याला टांगायचे आणि वरून बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी ओतायचे. पाणी झिरपून खालच्या भांड्यात उतरलं की परत वर. असं कितीतरी दिवस. हिरडा सह्याद्रीच्या रानातला, बाभूळ बांधावरची. वास म्हणाल तर पाहुणा वाट चुकणार नाही असा. या पद्धतीनं कमावलेलं कातडं ताठ असतं, पण पाणी आणि तेल पितं, आणि पायाच्या घामानं, वजनानं हळूहळू पायाचा आकार घेतं.

वडील ते हातात घेऊन आधी वाकवत. पाठीचं कातडं घट्ट, ते तळाला. पोटाचं सैल, ते मधल्या भरीला. वेणीला आणि वरच्या पट्टीला शेळीचं. साचा पुठ्ठ्याचा. कातडं ओलं करून रापीनं कापायचं, दगडावर ठेवून ठोकायचं. ठोकणं महत्त्वाचं. ठोकल्यानं तळ दाट होतो आणि मग झिजायला वेळ लागतो. दोन तळांच्या मध्ये दोन बाजूंनी कान बसवायचे, कानाला पट्टा, पट्ट्यापासून अंगठ्यापर्यंत वेणी. शिवण कातड्याच्याच वादीची. आरीनं भोक पाडायचं, वादीचं टोक तासून त्यातून ओढायचं. लोखंडाचा खिळा आत कुठंच नाही. टाचेखाली कुणी हौसेनं नाल मारून घेई, तेवढंच लोखंड. वादी भिजली की फुगते आणि भोक आपोआप बुजतं, म्हणून वडील दोऱ्याला हात लावत नसत. मोट फाटून कामातून गेली की तिचं कातडं ते मागून घेत. वर्षानुवर्षं पाणी पिऊन आणि तेल खाऊन ते असं मुरलेलं असायचं की त्याच्या तळाला आरी शिरताना त्यांच्या मनगटाची शीर फुगलेली दिसे.

वेण्या वळायचं काम आईचं आणि आजीचं. मीही वळलेल्या आहेत, अभ्यासाचं पुस्तक मांडीवर ठेवून. तीन पट्ट्या, सात पट्ट्या, मधे लाल गोंडा. पण आईच्या स्वतःच्या पायात काही नव्हतं. वडिलांच्या साच्यांच्या गठ्ठ्यात बाईच्या मापाचा पुठ्ठाच नव्हता. बाई शेतात अनवाणी, पाणवठ्यावर अनवाणी, जत्रेला अनवाणी. ही फक्त आमच्या गल्लीची गोष्ट नाही. आनंदीबाई जोशी आणि काशीबाई कानिटकर, दोघी ब्राह्मणाच्या, शिकलेल्या, पायात जोडे घालून आणि छत्री घेऊन रस्त्यानं निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारले. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या. समुद्र ओलांडण्याआधी त्यांना रस्ता ओलांडावा लागला होता. आमच्या बाजूला तर पुरुषांनाही तो अधिकार पायरी पाहूनच होता. चपला करणारा माणूस पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना त्या हातात घेऊन जायचा. पायीची वहाण पायीच बरी ही म्हण मी शाळेत एका गुरुजींच्या तोंडून ऐकली तेव्हा वर्गात सगळ्यांनी वळून माझ्याकडेच पाहिलं होतं. मापसुद्धा पायाला हात लावून घ्यायचं नाही. ओसरीवरून जुनी चप्पल खाली टाकत, तिच्यावरून घ्यायचं.

म्हणून बलुत्याचे गोडवे मी गाणार नाही. चप्पल चांगली होत होती, करणाऱ्याचं चांगलं होत नव्हतं. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. १९०२ साली त्यांनी मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. १९१८ मध्ये संस्थानातली बलुतेदारी मोडली, ज्याला जो धंदा करायचा तो करू दे म्हणून. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला, म्हणजे आमच्याच कागल जहागिरीत, बहिष्कृतांची परिषद झाली. तिथं महाराज आले आणि तरुण डॉ. आंबेडकरांकडं बोट करून हा तुमचा पुढारी म्हणाले. माझ्या आजोबांनी त्या परिषदेला जाऊन आल्याचं आयुष्यभर सांगितलं. कुणीतरी भाषण केलं यापेक्षा, जाताना आणि येताना चप्पल पायातच होती, हे ते जास्त सांगत. कायदा झाला तरी खळ्यावरचं सूप काही लगेच थांबलं नाही. माझ्या लहानपणापर्यंत ते चालू होतं, फक्त दर साली थोडं उणं होत गेलं.

शहरात वेगळंच चाललं होतं. १८९१ ला मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली आणि चपलेला पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं. हे गिऱ्हाईक ढेकळातून चालणारं नव्हतं. त्याला कचेरीत, नाटकाला, लग्नात घालायला हलकी चप्पल हवी होती. कान लहान झाले, तळ पातळ झाला, वेणीवर जर आली. तिथं हिशेब जोडीवर होता. तुटली तर गिऱ्हाईक दुसरी घेईल, आणि तो दुकानदाराचा फायदाच. कारागिरांची हुशारी आता दिसण्यात ओतली गेली, आणि खरंच सुंदर चपला झाल्या, यात शंका नाही. कोल्हापुरात चप्पल लाईनीतून संध्याकाळी फिरलं की अजूनही डोळे ठरत नाहीत. पण तिथला प्रत्येक दुकानदार तुम्हाला सांगेल की ही कला बाराव्या शतकातली, बसवेश्वरांच्या काळातली. कल्याणच्या हरळय्या चांभारानं आणि त्याच्या बायकोनं, कल्याणम्मानं, आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना दिले ही कथा आमच्याकडे लिंगायतांच्या आणि चांभारांच्या, दोघांच्या घरी सांगतात. पुढं हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालं आणि राजा बिज्जळानं दोन्ही बापांना मारलं. हा भाग दुकानात सांगत नाहीत. तसा तो गिऱ्हाइकासमोर सांगण्यासारखा नाहीच.

मला नोकरी लागली तेव्हा मी वडिलांना म्हटलं, मला चप्पल करा. दिवसभर उभं राहायचं, दोन वर्ग एकत्र, आणि एसटीच्या फाट्यापासून शाळा आत. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र टाकलं, पाय ठेव म्हणाले आणि पेन्सिलीनं माझ्या पावलाभोवती रेघ ओढली. बाईचा तो त्यांचा पहिला पुठ्ठा. मग आईचंही माप घेतलं. ती तीन दिवस हसत होती आणि चौथ्या दिवशी घालून बाजारला गेली.

माझ्याबरोबरच्या बाई कोल्हापूरहून येत, टाचेच्या सँडल घालून. दर उन्हाळ्यात नवी. माझी चप्पल पहिल्या आठवड्यात अशी चावली की अंगठ्याला चिंधी बांधून मी फळ्यावर बेरजा घातल्या. कोल्हापुरीचं हे आहेच. ती आधी तुमची परीक्षा घेते. रात्री एरंडेल चोळायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी घालून घरातच चालायचं. मग एक दिवस ती चावायची थांबते. वर्षभरानं माझ्या तळव्याच्या जागी पाच बोटांचे काळे डाग आणि टाचेचा खळगा उमटला होता, इतका नेमका की दुसऱ्या कुणी घातली तर त्याला ती टोचावी. सपाट तळ, बोटं पसरायला जागा, टाचेला धक्का नाही. बाईंच्या सँडलींचा वर्षभराचा खर्च आणि माझ्या चपलेला बसलेला खर्च यांचा ताळा मी कधी मांडला नाही, पण त्यांनी मांडला असावा. एका दिवाळीत त्यांनी हळूच विचारलं, तुमचे वडील आणखी एक जोड करतील का? वडिलांनी केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका जोडीचे पैसे सांगितले. सांगताना अडखळले. पाचच मिनिटांनी मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यास्नी सांग, तुटली तर घेऊन या, शिवायचं काय लागत न्हाई.

पावसाळ्यात मात्र तीही खुंटीला. भिजलेली कातडी चप्पल वाळवताना आकसते, बुरशी धरते. आषाढ-श्रावण रबरी स्लीपर आणि चिखल. जी माणसं कोल्हापुरी बारमाही चालते म्हणतात त्यांनी राधानगरीचा पाऊस पाहिलेला नाही.

आमच्या केंद्रप्रमुखांकडे खादी भांडारातली चप्पल असायची. त्यांचा आग्रह असा की ती मेलेल्या जनावराच्या कातड्याची, मारलेल्या नव्हे. हे काम वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात वाळुंजकरांनी गांधीजींच्या प्रेरणेनं सुरू केलं. गांधीजी स्वतः चपला करायला शिकले ते दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, त्यांचे मित्र कॅलनबाख यांच्याकडून. तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी १९१४ साली तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्सनी तो १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीला, परत पाठवला. पंचवीस वर्षं टिकलेली चप्पल म्हणून केंद्रप्रमुख ही गोष्ट सांगत. वडिलांना मी ती सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, साहेब रोज घालत हुते काय? मी शोधून काढलं. साहेब उन्हाळ्यात घालत. “मग टिकतीयाच,” वडील म्हणाले.

विहिरींवर इंजिनं आली, मग विजेचे पंप. मोट गेली आणि मोटेबरोबर चांभाराचं अर्धं काम गेलं. चप्पल उरली, तर तिच्यासमोर रबर आणि प्लॅस्टिक. शेतकऱ्यानं वेगळीच वाट काढली. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ आणि त्याचेच पट्टे, खिळे मारून केलेली चप्पल. दिसायला ओबडधोबड, वजनाला भारी, आणि काट्याला मुळीच न जुमानणारी. ऊसतोडीच्या माणसांच्या पायात मी तीच पाहिली. आपल्या कामाच्या चपलेचा खरा वारस कोल्हापूरच्या दुकानातली जरीची वेणी नसून ही टायरची चप्पल आहे, असं माझं मत आहे. भाऊ यावर चिडतो.

भाऊ कोल्हापूरच्या सुभाषनगरात राहतो आणि अजून धंद्यात आहे. त्याचं रडगाणं खरं आहे. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तळाला लागणारं बैलाचं जाड कातडं दुर्मीळ झालं, आणि वाहतुकीत कोण कुठं अडवील याची धास्ती वाढली. आता भर म्हशीच्या कातड्यावर. जुनी टांगलेली पिशवी, साल, हिरडा हे करणारी घरं हाताच्या बोटांवर. शिवण कधीकधी नायलॉनच्या दोऱ्याची, मधे डिंकाऐवजी डब्यातलं सोल्यूशन. त्याची बायको मात्र वेणी आईसारखीच वळते.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. एकट्या कोल्हापूरला नाही, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मला हे बरोबर वाटतं. अथणीचा कारागीर आणि कापशीचा कारागीर यांच्या रापीत फरक नाही. सीमाप्रश्न चपलेला माहीत नाही. मग जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात तशाच चपला पुरुषांच्या पायात दिसल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडं गदारोळ झाला, कंपनीनं मूळ मान्य केलं, आणि वर्षाअखेर दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार केला. २,००० जोड इथं करून घ्यायचे, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. पेपरवाले भावाला विचारायला आले होते, अभिमान वाटतो का. तो म्हणाला, वाटतो, आणि मजुरी किती देणार ते कळलं की आणखी वाटंल.

आता महामंडळाच्या चपलेवर क्यूआर कोड येतो. मोबाईल धरला की ती कुठं, कुणी केली ते कळतं. कल्पना चांगली आहे. शंभर वर्षं ज्यांचं नाव कुणी विचारलं नाही त्यांचं नाव येतंय. मागच्या महिन्यात मी भाचीला घेऊन दुकानात गेले. ती बँकेत लागलीय, काउंटरवर दिवसभर ये-जा, तिला रोजची सपाट चप्पल हवी होती. दुकानदारानं कोड दाखवला, कातडं वाकवून दाखवलं, वेणीची तारीफ केली. मी विचारलं, अंगठा तुटला तर? तो म्हणाला, मावशी, तोवर फॅशन बदलंल.

आम्ही तिथून उठून सुभाषनगरात गेलो. भावानं वर्तमानपत्र टाकलं, पोरीच्या पावलाभोवती रेघ ओढली. तळाला म्हशीचं कातडं, खाली मायक्रोचं पातळ रबर, कारण बँकेत फरशी गुळगुळीत आणि तिला टाचेचा त्रास आहे. पंधरा दिवसांनी ये म्हणाला, आणि पैसे अर्धे आगाऊ घेतले. वडिलांनी घेतले नसते. पण वडिलांना लाईटबिल येत नव्हतं.